खचलेले मन आणि समुपदेशन

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-१८

‘विश्वास असता मन का खचावे?’ हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत सहज विचारला जातो आणि दुःखी मनुष्य अधिकच मुका होतो. एलीया संदेष्ट्याने कर्मेलावरील विजयानंतर मरण मागितले. देवाने त्याला दूषण दिले नाही. प्रथम त्याला झोपू दिले, भाकर व पाणी पुरविले. नंतर दोनदा प्रश्न विचारून त्याला मन मोकळे करू दिले. शेवटी काम व अलीशासारखा साथीदार दिला. शरीर, मन, आत्मा व सहवास यांचा एकत्र विचार म्हणजेच सर्वांगीण उपचार.

१. समुपदेशन व मानसोपचार

शोक, वैवाहिक कलह, परीक्षेतील अपयश अशा प्रसंगी समुपदेशक साहाय्य करतो. खोल रुजलेल्या विकारांसाठी प्रशिक्षित तज्ज्ञाकडून मानसोपचार घ्यावा लागतो. औषधे मात्र डॉक्टरच देतात. कार्ल रॉजर्स यांनी न्याय न करता ऐकण्यावर भर दिला. एरन बेक यांनी १९६० च्या दशकात निराशेचे विचार पारखून पाहण्याची पद्धत घडविली.

२. बौद्ध परंपरेतून आलेली पद्धत

म्हैसूर विद्यापीठात १९२४ साली मानसशास्त्र विभाग सुरू झाला. त्याच जिल्ह्यात बैलकुप्पे येथे १९६१ साली वसलेली तिबेटी वसाहत व तिचे मठ आहेत. विद्यापीठ व मठ यांच्या या दोन वाटा अमेरिकेत जवळ आल्या. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली बौद्ध ध्यानातील सजगतेवर आधारित आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम रुग्णालयात सुरू केला. पुढे त्याची बेक यांच्या पद्धतीशी सांगड घालून वारंवार उलटणाऱ्या नैराश्यासाठी उपचार तयार झाला.

३. पारख कशी करावी?

श्वासाकडे लक्ष देणे हे साधन आहे. पुनर्जन्म व निर्वाण ही शिकवण आहे. उपचारात यांपैकी काय आहे, हे तज्ज्ञाला निःसंकोच विचारावे. तीव्र आजारात दीर्घ मौनध्यान त्रासदायक ठरू शकते. म्हणून आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रार्थनेच्या नावाने असो वा ध्यानाच्या, ‘औषध सोडा’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. मरणाचे विचार येत असल्यास विलंब न करता घरच्यांना सांगावे. १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ची शासकीय सेवा अहोरात्र विनामूल्य मिळते.

मननासाठी

१. आपल्या मंडळीत आज झुडपाखाली बसलेला एलीया कोण?

२. त्याला उपदेश करण्यापूर्वी आपण भाकर दिली काय?