हात न टेकता

अगं, परवा गौरी जेवायच्या दिवशी पंगत उठली तेव्हा माझं लक्ष तुझ्याकडेच होतं. तू आधी उजवा हात जमिनीवर टेकलास, मग डावा गुडघा, मग वहिनीचा खांदा धरलास आणि 'आई गं' म्हणत उभी राहिलीस. बाकीच्याही तशाच उठल्या, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मला मात्र वाटलं. तू ३६ वर्षांची आहेस. मंगळागौरीला बसफुगडी घालताना समोरची दमून मागे पडायची, तरी तुझे पाय थांबायचे नाहीत, हे मी पाहिलंय. तिथे चारचौघींत बोलले नाही, आता बोलते. रागावू नकोस.

आई मोरीत पडली ते वर्ष आठव. पाय जरासा घसरला, बसकण मारल्यासारखी ती खाली आली आणि खुब्याचं हाड मोडलं. ६८ वर्षांची होती. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, हाडं फार विरळ झाली आहेत. मी त्यांच्याशी वादच घातला. आमच्या आईनं जन्मभर कष्ट केलेत, पाणी भरलंय, पाट्यावर वाटलंय, तिची हाडं कशी ठिसूळ होतील? त्यांनी शांतपणे विचारलं, "त्या जेवायच्या कधी, आणि काय?" उत्तर मला ठाऊक होतं, तुलाही आहे. सगळ्यांचं झाल्यावर, पातेल्यात जे उरेल ते.

त्या दिवसापासून मी वाचायला लागले, विचारायला लागले. हाडांचा साठा साधारण तिशीपर्यंत भरतो. पुढे तो फक्त सांभाळायचा असतो, आणि पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि झीज एकदम वाढते. स्नायूही तिशीनंतर हळूहळू आटत जातात. सवयीपेक्षा थोडा जास्त भार पडत राहिला तरच दोन्ही टिकतात. आईच्या बाबतीत उलटं झालं. नळ घरात आला, मिक्सर आला, अंगावरचा भार वर्षागणिक कमी होत गेला आणि दमणूक मात्र तेवढीच राहिली. म्हणून 'दिवसभर उभीच तर असते, मला वेगळा व्यायाम कशाला' असं तू म्हणतेस ना, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. आईही हेच म्हणायची.

ब्राझीलमधल्या क्लॉदिओ आराउजो या डॉक्टरांनी एक साधी चाचणी केली आहे. जमिनीवर बसायचं आणि उठायचं. बसण्याचे ५ गुण, उठण्याचे ५. हात, गुडघा, काहीही टेकलं की दर वेळी १ गुण वजा, तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांना त्यांनी असं बसवलं-उठवलं आणि पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांना फार आधार घ्यावा लागला होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं. आधार घेतला म्हणून कुणी मरत नाही, हे उघड आहे. पण पायातलं बळ, तोल, सांध्यांची लवचीकता, सगळं त्या एका उठण्यात दिसतं. आपण तर पाटावर जेवत, सतरंजीवर अभ्यास करत वाढलो. ही परीक्षा आपल्याला सोपी असायला हवी होती.

मी ४३ व्या वर्षी जिममध्ये पाऊल ठेवलं. पहिला महिना ट्रेनरनं मला ट्रेडमिलवरच ठेवलं, बायकांना तेवढंच हवं असतं असा त्याचा समज होता. मी स्पष्ट सांगितलं, मला ताकद हवी आहे. मग हातात अडीच किलोचे डंबेल्स आले. खुर्चीएवढ्या स्टुलावर बसून उठणं, भिंतीला हात लावून दंड, रबरी पट्टा छातीकडे ओढणं. सुरुवातीचे काही आठवडे अंगात बदल दिसत नाही तरी वजन वाढवता येतं, कारण मज्जासंस्था आधी शिकते आणि स्नायू मागून भरतात. हे माहीत नसतं म्हणून कितीतरी जणी तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. तू सोडू नकोस.

मला सगळ्यात आवडला तो डेडलिफ्ट. वजन पायाच्या अगदी जवळ, पाठ सरळ, नितंब मागे न्यायचे, टाचांनी जमीन दाबायची आणि उभं राहायचं. आपण बादली उचलतो तसं कमरेतून गोल वाकायचं नाही. भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. मी आज तशा दोन सिलिंडरांएवढं, ६० किलो, उचलते. इथवर यायला दोन वर्षं लागली. प्रत्येक व्यायामाचे ८ ते १२ रेप्स, म्हणजे आवर्तनं, शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, आणि ते सोपे झाले की थोडं वजन वाढवायचं. आठवड्यातून दोनदा. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्यांना स्नायूंचा व्यायाम किमान दोन दिवस करायला सांगते, चालण्याच्या जोडीनं. चालणं सोडू नकोस, पण चालण्यावर थांबू नकोस.

तुझ्या सासूबाईंनी सांगितलं ना, बाईनं वजन उचललं की अंग बाहेर येतं? त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांनी बाळंतपणानंतर आठव्या दिवशी हंडे उचलणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. ती भीती खोटी नाही. म्हणूनच हलक्यापासून सुरू करायचं, जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, उचलता उचलता सोडायचा. खाली जडपणा वाटत असेल, शिंकताना लघवी होत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. लाजू नकोस, मीही दाखवलं होतं. आणि पुरुषासारखे दंड होतील ही काळजी मनातून काढून टाक. आपल्यात टेस्टोस्टेरॉन त्यांच्या मानानं अगदी थोडं असतं.

आता जेवणाचं. इथे मी जास्त बोलणार आहे, कारण तू उपाशी राहतेस आणि त्याला डाएट म्हणतेस. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुझं वजन ६० धरलं तर ५० ग्रॅम, आणि व्यायाम करणारीला त्याहून जास्त, ७०-७५ पर्यंत. तुझा दिवस मांडून बघ: चहा-बिस्किट, पोहे, डब्यात पोळी-भाजी, रात्री पातळ वरण आणि भात. प्रथिनं आहेत कुठे? पावडरचा डबा लगेच आणायची गरज नाही. वरण घट्ट कर. आठवड्यातून दोनदा पिठलं-भाकरी, मटकीची उसळ ताट भरून घे, वाटीच्या कडेला चमचाभर नको. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम, एका अंड्यात ६, मूठभर शेंगदाण्यांत ७, सोयाच्या ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत २५ च्या वर. चतुर्थीला नुसत्या साबुदाण्यावर राहतेस, तो तर निव्वळ पिष्ट. सोबत दही आणि दाण्याची आमटी घे. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आहेतच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवायची नाहीत.

हिमोग्लोबिनही तपासून घे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे आपल्या पंगतीतल्या निम्म्याहून जास्त जणी. पालेभाजीवर लिंबू पिळ, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस, तास-दीड तास जाऊ दे. आणि सगळ्यांबरोबर ताटावर बस. हे तुला सगळ्यात जड जाईल, ठाऊक आहे मला.

मनाचंही सांगते, कुणाला सांगितलं नाही ते. आईच्या ऑपरेशननंतर सहा-आठ महिने मला रात्री झोप नव्हती. मुलांवर ओरडायचे आणि बाथरूममध्ये जाऊन रडायचे. जिमनं सगळं बरं केलं असं मी म्हणणार नाही, मी समुपदेशकाकडेही गेले. पण बार हातात असतो तेव्हा दुसरा कुठलाच विचार डोक्यात शिरत नाही, आणि त्या रात्री झोप लागते, हे मी अनुभवलंय. २०१८ मध्ये ३३ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला, त्यातही वजनांच्या व्यायामानं नैराश्याची लक्षणं कमी झालेली दिसली. मी काट्यावरचं वजन बघणं सोडलं आणि हातातलं वजन वहीत लिहायला लागले. काटा पाण्यानं आणि पाळीनं किलो-दोन किलो सहज हलतो. वहीतला आकडा मी स्वतः कमावलेला असतो.

आई आता ७३ ची आहे. फिजिओथेरपिस्टनं शिकवल्याप्रमाणे ती रोज खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठते. पहिल्यांदा जमलं तेव्हा तिनं मला हाक मारून परत करून दाखवलं होतं.

उद्या सकाळी चहा ठेवायच्या आधी स्वयंपाकघरातली ती लाकडी खुर्ची भिंतीला लाव, हात छातीशी घे आणि उठून-बसून बघ. किती उठाबशा जमल्या ते मला फोन करून सांग. तीनच जमल्या तरी सांग.