पाटी आणि पाठी : यमकाच्या पुस्तकातून वाचनाकडे



यमक असलेलं चित्रपुस्तक पहिलीतल्या मुलांना दोन-तीन दिवसांत तोंडपाठ होतं. चित्र दिसलं की ओळ म्हणून मोकळी! घरचे खूश होतात, "आमची मुलगी वाचायला लागली." कुणी म्हणतं, "हे तर नुसतं पाठांतर." खरं तर पाठ होणं ही वाचनाची पहिली पायरी आहे. पण मूल तिथंच थांबलं तर पाठांतराच्या जोरावर दुसरीपर्यंत जातं आणि त्याला वाचता येत नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर समजून वाचता येणं अपेक्षित आहे, म्हणून ही गोष्ट पहिलीतच पाहायला हवी.

यमकाचा फायदा असा, की पुढच्या शब्दाचा कानाला अंदाज येतो. चित्र अर्थ सांगतं आणि तेच ते शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. डॉ. स्यूस यांचं १९५७ चं ‘द कॅट इन द हॅट’ हे पुस्तक फक्त २३६ वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेलं आहे.

आपण कोऱ्या कागदाचं चार पानी पुस्तक करू. एका पानावर एक चित्र, एक ओळ :

मिनूच्या हाती पाटी
आईच्या हाती वाटी
आजोबांच्या हाती काठी
मांजर लागलं पाठी!

आता पायऱ्या पाहू.

१. पहिल्या दिवशी फक्त ऐकवा. हसू द्या, म्हणू द्या.

२. दुसऱ्या दिवशी प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून वाचा. मुलांचं तोंड पुढे पळतं, बोट मागे राहतं. ‘आजोबांच्या’ हा लांब असला तरी एकच शब्द आहे, हे बोटामुळे कळतं.

३. शेवटच्या शब्दाआधी थांबा. तो मुलांना सांगू द्या आणि कुठे लिहिलाय ते दाखवायला सांगा.

४. आता चित्र झाका. ‘पाटी’ आणि ‘पाठी’ या शब्दपट्ट्या शेजारी ठेवा. अंदाजाने बोलणारं मूल इथं अडखळतं. रागावू नका. ट आणि ठ पाटीवर गिरवून घ्या.

५. पहिलं अक्षर बदला. ‘वाटी’चं ‘दाटी’, ‘काठी’चं ‘गाठी’. हे शब्द पुस्तकात नाहीत, त्यामुळे पाठ असण्याचा प्रश्नच नाही. मुलाने ते वाचले, की समजा गाडी रुळावर आली.

आपल्या नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे कोकणा, मालेगाव-बागलाणकडे अहिराणी बोलणारी मुलं आहेत. तिथं पहिलं पुस्तक घरच्या बोलीतच करा. शब्द ओळखीचा असेल तर मुलाला फक्त अक्षराशी झगडावं लागतं.

तयार पुस्तकं हवी असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रपुस्तकं मोफत मिळतात. वाचून दाखवताना यमक कुठे आहे ते आधी पाहून ठेवा.

पालकांनो, तुम्हाला स्वतःला वाचता येत नसलं तरी हरकत नाही. रोज दहा मिनिटं मुलाजवळ बसा आणि त्याचं बोट शब्दाबरोबर सरकतंय ना, एवढंच बघा.

या आठवड्यात चार पानं करून पाहा. मुलांनी स्वतः जोडलेले यमकाचे शब्द आम्हाला जरूर कळवा!