अडलेल्याचा अंगठा

नांदेड, आश्विन वद्य चतुर्थी

चि. बाळ यास काकाचे अनेक आशीर्वाद.

हदगावच्या मोंढ्यात तू आडतीची गादी घातलीस आणि पहिल्याच हंगामात सोयाबीनची आवक बरी आहे, हे वाचून संतोष झाला. परंतु ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्यावे, लोखंड तापलेले असतानाच घाव घालावा आणि पाणी गढूळ झाले की मासे धरावेत, या कॉलेजात शिकलेल्या ज्या तीन इंग्रजी म्हणी तू पत्रात एका दमात लिहिल्या आहेस, त्यांपैकी पहिल्या दोहोंस माझी पूर्ण संमती असली, तरी तिसरी मला तुझ्या गादीवर नको आहे. उन्हाचे वा लोखंडाचे त्यात काही जात नाही. गढूळ पाण्यातल्या माशाचा मात्र जीव जातो.

जन्मभर वकिली केली, म्हणून हा भेद कायद्याच्या अंगाने सांगतो. १८७२ च्या करार कायद्यातील सोळाव्या कलमाखाली जी उदाहरणे दिली आहेत, त्यांपैकी दोन पाहा. बाजारात पैशाची टंचाई असताना पेढीवाला चढ्या व्याजाखेरीज कर्ज देत नाही आणि गरजू माणूस ते पत्करतो, हा व्यवहार कायद्याने रीतसर मानला आहे. परंतु गावच्या सावकाराचा आधीच देणेकरी असलेला मनुष्य त्याच्याचकडून अवाजवी अटींवर नवे कर्ज काढतो, तेव्हा आपण गैर दडपण आणले नाही हे शाबीत करण्याचा भार त्या सावकारावर पडतो. गरज दोघांनाही आहे. पण पहिल्यास दुसऱ्या पेढीची पायरी चढता येते, दुसऱ्यास उंबरठा ओलांडता येत नाही.

हा भेद न्यायदानात सुखासुखी उतरलेला नाही. अमेरिकेतील यादवीमुळे चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळला, त्यावर सरकारी साराही वाढला, आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात कुणबी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर आणि दस्तऐवजांवर होता. हाती लागतील ते जाळण्यात आले. चार वर्षांनी झालेल्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशास दस्तावरील आकड्यापाशी न थांबता सारी देवघेव मुळापासून तपासण्यास सांगितले. आपला हदगाव तालुका तेव्हा निजामाच्या अमलाखाली. तिथे सावकारीचा कायदा होण्यास फसली १३४९, म्हणजे इसवी १९३९-४० उजाडावे लागले.

आता तुझ्या गादीकडे वळतो. पैनगंगेकाठचा कोरडवाहू शेतकरी मृगाच्या तोंडावर बियाण्याखतासाठी उचल नेतो आणि दसऱ्यानंतर पोती घेऊन येतो. आडत्या मूठभर दाणे तळहातावर घेतो, एक दाताखाली फोडतो, "ओल आहे" म्हणतो आणि भाव पाडतो. ओलावा मोजण्याचे यंत्र शेजारीच झाकून ठेवलेले असते. हमीभावाच्या खरेदीत बारा टक्के ओलाव्याचे माप आहे हे त्या शेतकऱ्यास ठाऊक असते, आणि उचल नसती तर त्याने पोती उचलून शेजारची गादी गाठली असती. पण तो मुकाट्याने हिशोबपट्टीवर अंगठा उठवतो. त्या अंगठ्याला कबुली म्हणण्यास माझे मन धजत नाही. अडला हरी कोणाचे पाय धरतो हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. ज्याचे पाय धरले जातात त्याला ती म्हण काय म्हणते, तेही एकदा ध्यानात घे.

परवान्यावाचून व्याजाने पैसे लावणे २०१४ च्या सावकारी अधिनियमान्वये गुन्हा आहे, तेव्हा प्रथम ते बंद कर. बिनव्याजी उचल दिलीस तरी तिचे खाते निराळे ठेव. माल सर्वांसमक्ष लिलावात निघू दे, यंत्राचा आकडा पट्टीवर लिही, पूर्ण रक्कम त्याच्या हाती दे आणि फेडीचे त्यानंतर बोल. तामशाच्या बाजारात त्याला दोन पैसे अधिक मिळत असतील तर तिकडे माल घालण्याची त्याला मोकळीक असू दे. पुढे भाव चढेल असा तुझा कयास असेल तर स्वतःचे भांडवल घालून रीतसर माल घे आणि गोदामात ठेव. त्या नफ्याविषयी मी अवाक्षर काढणार नाही.

वसुबारसेला इकडे येशील तेव्हा उचलीची वही आणि या हंगामातील पट्ट्या बरोबर आण. यंत्र न लावता ओलीची वजावट जिथे झाली असेल ती नावे आपण दोघे बसून काढू, म्हणजे लक्ष्मीपूजनापूर्वी तो फरक ज्याच्या त्याच्या घरी पोचता करता येईल. वहिनींस नमस्कार सांग.

तुझा,
काका