काठी बाजूला ठेवल्यावर

तेर,
श्रावण वद्य एकादशी

चि. बाळास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोहोचलं. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात तुला जे झालं ते तू चार ओळींत लिहिलंस आणि दादाशी झालेल्या भांडणाला दीड पान दिलंस. सोयाबीन फुलात, पावसाने ताण दिलेला, रात्रीची लाईट, विहिरीवरच्या मोटारीची पाळी. त्याने तुझ्या पाळीत मोटार चालू ठेवली आणि तू वहिनीसमोर त्याच्या अंगावर हात टाकलास. मग पुन्हा तंबाखू मळलीस आणि गळ्यातली माळ काढून देवघराच्या खुंटीला अडकवलीस. शेवटी विचारलंस, मग वाळवंटातलं ते सगळं खोटंच होतं का?

नव्हतं. ज्या घटकाभरात 'मी' म्हणणारं कुणी उरलं नाही, ती तुझी घटका खरी होती. भांडणाने ती पुसली जात नाही. पण तिने तुझा पंचवीस-तीस वर्षांचा स्वभाव धुऊन नेला असेल, ही तुझी समजूत मात्र चुकीची होती.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे आणि आपल्या जाणत्यांनी तो लपवून ठेवलेला नाही. ज्ञान झाल्यावर संचित जळतं, पुढचं कर्म चिकटत नाही, पण ज्या कर्मांनी हा देह दिला ते प्रारब्ध भोगूनच संपतं, असं वेदान्त सांगतो. ज्ञान झालं तरी देह लगेच का पडत नाही, याला दाखला दिलाय तो कुंभाराच्या चाकाचा. सांख्यकारिकेत ६७व्या कारिकेत तोच आहे आणि ब्रह्मसूत्रांवरच्या शंकराचार्यांच्या भाष्यातही तोच. हात काढून घेतला तरी चाक आधीच्या वेगाने फिरत राहतं.

संत गोरा कुंभारांच्या, म्हणजे आपल्या गोरोबाकाकांच्या गावात राहणाऱ्याला हा दाखला पोथीत शोधावा लागत नाही. विजेची चाकं येण्याआधीची रीत मी पुष्कळ पाहिली आहे. जड चाकाच्या कडेला एक खाच असते. कुंभार त्या खाचेत काठी घालून उभ्याने चाक गरगर फिरवतो, वेग आला की काठी बाजूला ठेवतो आणि मग खाली बसून मातीच्या गोळ्याला हात लावतो. पोथी वाचणाऱ्याच्या लक्षात न येणारी गोष्ट ही, की काठी हातात असते तोवर मडकं होतच नाही. मडकं घडतं ते काठी ठेवल्यावर, उरलेल्या वेगात. तुझ्यात जो वेग उरला आहे त्याची तुला शरम वाटते. अरे, घडण्याचं काम त्याच वेगात व्हायचं आहे.

पण पत्राच्या मागच्या बाजूला तू एक वाक्य लिहिलंस आणि मला काळजी वाटली ती त्याची. 'राग आपल्या घराण्यातच आहे, प्रारब्धच आहे माझं.' बाळा, हे बोलणं फार सोयीचं आहे. छातीत एकदम भडका उठला, कान तापले, तुझ्या वडिलांचा होता तसाच आवाज तुझ्या घशात आला, इथवर प्रारब्ध म्हण. त्यानंतर हात उचललास ते क्रियमाण. ती तुझी आजची, नवी कमाई. चाक फिरत होतंच, तू पुन्हा काठी घातलीस. या दोन्हींच्या मधली जागा अगदी थोडी असते, श्वासाएवढीही नसेल. वाळवंटातल्या त्या घटकेचा उपयोग एवढाच की आता ती जागा तुला दिसते. आधी ती दिसतसुद्धा नव्हती. म्हणूनच भांडणानंतर तुला झोप लागली नाही. पूर्वी तू भांडून गाढ झोपायचास, हे मला तुझ्या आईने सांगितलं आहे.

नामदेवरायांची गोष्ट तू कीर्तनात ऐकली आहेस, पण तुझ्या प्रश्नाकडे बघून पुन्हा ऐक. ती इथलीच, गोरोबाकाकांच्या अंगणातली. काका १२६७ सालचे, नामदेव १२७० चे. वयात फार अंतर नाही, तरी सगळ्या संतांमध्ये ते वडील म्हणून 'काका'. परंपरा सांगते की संतमंडळी जमलेली असताना मुक्ताईने कोपऱ्यातलं थापटणं पाहिलं आणि विचारलं, हे कशाला? मडकं पक्कं की कच्चं ते बघायला, म्हणाले काका, आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेवराय रागावले. काकांनी सांगून टाकलं, एवढं एक कच्चं आहे.

बाळा, ज्याच्या हातचा नैवेद्य विठ्ठल खात होता, ज्याच्याशी देव बोलत होता, त्याला हा राग आला. म्हणजे साक्षात्कार आणि राग एकाच माणसात, एकाच वेळी. त्यांनी राग प्रारब्धाच्या नावावर लिहिला नाही, की देव भेटला तो भास होता असंही म्हटलं नाही. देवाकडे तक्रार घेऊन गेले, देवाने गुरू करायला विसोबा खेचरांकडे पाठवलं, आणि गेले. ते जाणं मला साक्षात्काराइतकंच मोठं वाटतं. पुढे पंजाबात घुमानपर्यंत पोहोचले ते हेच नामदेव. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत.

आणि हेही बघ, त्यांची जुनी ओढ सगळी गेली नाही. ज्ञानदेवांच्या समाधीचे त्यांचे अभंग रडण्याने भिजलेले आहेत. गुरू भेटल्यावरही ते रडत राहिले, तसे काका मडकी करत राहिले आणि सावतोबा मळा राखत राहिले. तेव्हा सगळाच स्वभाव मोडायच्या मागे लागू नकोस. तुझा तडफदारपणा राहू दे. ज्याची झळ दुसऱ्याला लागते तेवढं जायला हवं.

विद्यारण्यांनी चौदाव्या शतकात 'जीवन्मुक्तिविवेक' लिहिला तो याचसाठी. नुसतं तत्त्वज्ञान पुरत नाही, वासनाक्षय आणि मनोनाश यांचाही सोबतीने अभ्यास हवा, असं ते म्हणतात. त्यात त्यांनी थेट याज्ञवल्क्यांचं नाव घेतलं आहे. जनकाच्या सभेत जिंकण्याची ईर्षा त्यांनाही होती, शाकल्याला त्यांनी शापही दिला. एवढ्या मोठ्या ऋषीबद्दल असं स्पष्ट लिहायला विद्यारण्यांना धाक वाटला नाही, कारण पुढच्याने फसू नये ही तळमळ होती.

काकांच्या पत्नीचीही आठवण ठेव. भजनाच्या तंद्रीत मूल पायाखाली चिखलात गेलं तेव्हा त्या माउलीने नवऱ्याच्या संतपणाचा मुलाहिजा ठेवला नाही. तिचा आकांत, तिचा राग मला त्या कथेतला सगळ्यात खरा भाग वाटतो. आपला अनुभव आपल्यापुरता असतो, आपल्या वागण्याचा भोग मात्र घरच्यांच्या वाट्याला येतो. तुझ्यात काय बदललं हे तुझी वहिनी सांगेल ते धर, भजनी मंडळ सांगेल ते नको.

आता करायचं ते सांगतो. उद्या सकाळी दादाकडे जा. 'मी हात टाकला, चुकलो' एवढंच बोल. पाळीचा विषय काढू नकोस, वाळवंटातलं तर मुळीच सांगू नकोस. वहिनीचीही माफी माग, तिच्यासमोर झालं आहे. या आठवड्याची एक पाळी त्याला दे, त्याचं रान हलकं आहे, आधी सुकतं. ज्यांनी माळ घातली त्यांच्याच हातून ती पुन्हा घालून घे. माळ घेताना तू एकादशी, वारी आणि हरिपाठाचा शब्द दिला होतास, राग येणार नाही असा शब्द कुणी मागितलाच नव्हता. संध्याकाळचा हरिपाठ चुकवू नकोस, मन लागो न लागो. तंबाखूला वेळ लागेल. आज पुडी आणि चुन्याची डबी दोन्ही घराबाहेर काढ, उद्या तलफ आली तर मला फोन कर, रात्री केलास तरी चालेल. आणि वाळवंटातली ती घटका पुन्हा यावी म्हणून डोळे मिटून वाट बघत बसू नकोस.

कार्तिकीच्या आधी रास उरकली की दोघं भाऊ इकडे या. काकांच्या समाधीचं दर्शन घेऊ. मामी दादाबद्दल विचारत होती.

तुझा,
मामा