संघाचे नाव आणि गावाचा धंदा

जालना हे नाव एका धनिक विणकरावरून पडले, अशी परंपरा आहे. गावाच्या नावात धंदा उतरतो, तसाच तो खेळाडूंच्या संघाच्या नावातही उतरतो. लंडनमधील 'थेम्स आयर्नवर्क्स' या जहाजबांधणीच्या कारखान्यातील कामगारांचा फुटबॉल संघ १८९५ साली निघाला. १९०० साली तो 'वेस्ट हॅम युनायटेड' झाला आणि १९१२ साली कारखानाच बंद पडला. तरीही जहाजाचे पत्रे रिवेटांनी जोडणाऱ्यांचे दोन हातोडे संघाच्या चिन्हावर अद्याप आहेत, व चाहते संघास 'हातोडे' असेच म्हणतात.

मुंबईत निराळे घडले. तेथील टाइम्स शील्ड स्पर्धेत 'मफतलाल', 'टाटा', 'निर्लॉन' असे क्रिकेट संघ उतरत. सुनील गावसकर निर्लॉनकडून खेळत. ही नावे मालकांची अथवा कंपन्यांची होती. चाती, धोटा, माग यांना त्यांत स्थान मिळाले नाही. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद झाल्या. आता धोटा म्हणजे काय, हे मुलांस चित्र काढूनच सांगावे लागेल.

जालन्यात भंगार वितळवून पोलादी सळया करणारे कारखाने आहेत; १९६४ साली 'महिको' स्थापन झाल्यापासून बियाण्यांचा व्यवसायही येथे वाढला. शालेय कबड्डीच्या संघांस वाघ, सिंह अशी नावे देणे सोपे असते. त्याऐवजी शिक्षकांनी मुलांस घरी विचारून यावयास सांगावे: आईवडील कोणते काम करतात, व त्या कामाचे हत्यार कोणते? उत्तरे फळ्यावर लिहावीत व मुलांनीच त्यांतून संघाचे नाव निवडावे. मात्र कोणाच्या घरच्या कामाचे हसू होत आहे असे दिसताच शिक्षकांनी प्रथम तेवढ्यापुरता पाठ थांबवावा.