ॲप्लास्टिक ॲनिमियाचे वर्गीकरण : चिकित्सक वृत्तीचा एक पाठ

‘अंगात रक्त कमी आहे’ हे वाक्य आपल्या वस्त्यांतील बहुतेक घरांना परिचित आहे. लोहाच्या अभावाने झालेल्या रक्तक्षयावर लोहाच्या गोळ्या हा योग्य उपाय होय. विदर्भातील आपल्या समाजाला सिकलसेल या दुसऱ्या रक्तक्षयाचीही ओळख आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व लवकर नष्ट होतात. या दोहोंहून निराळा असा एक विकार आहे. त्यात रक्त निर्माण करणारी अस्थिमज्जाच रिकामी होत जाते व तिची जागा चरबी घेते. हाच ॲप्लास्टिक ॲनिमिया. तो विरळ आहे, परंतु वेळीच ओळखला नाही तर प्राणघातक ठरतो.

१८८८ साली जर्मन वैद्यकतज्ज्ञ पॉल एर्लिख यांनी एका मृत तरुण गर्भवतीच्या अस्थिमज्जेचे परीक्षण करून हा विकार प्रथम वर्णिला. १९०४ मध्ये फ्रान्सच्या अनातोल शोफार यांनी त्याला आजचे नाव दिले. किरणोत्सारी द्रव्यांवर आयुष्यभर संशोधन करणाऱ्या मादाम मेरी क्यूरी यांचे ४ जुलै १९३४ रोजी याच विकाराने निधन झाले.

निदानाची पहिली पायरी

अस्थिमज्जेत तीन प्रकारच्या पेशी तयार होतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात आणि प्लेटलेट रक्तस्राव थांबवतात. या विकारात तिन्ही घटतात. म्हणून थकव्याबरोबरच वारंवार ताप येणे, हिरड्यांतून रक्त येणे, त्वचेवर जांभळे डाग उठणे ही लक्षणे दिसतात. मात्र रक्ताच्या कर्करोगातही तिन्ही पेशी घटू शकतात. त्यामुळे कमरेच्या हाडातून मज्जेचा नमुना घेऊन तपासणे अपरिहार्य ठरते.

तीव्रतेनुसार वर्गीकरण

निदानानंतरचा पहिला प्रश्न : विकार किती तीव्र? १९७६ साली ब्रूस कॅमिटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे निकष मांडले. मज्जेतील पेशींचे प्रमाण २५ टक्क्यांहून खाली गेलेले असावे आणि पुढील तीनपैकी किमान दोन गोष्टी आढळाव्यात : न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी एका घन मिलिमीटर रक्तात ५०० पेक्षा कमी, प्लेटलेट २० हजारांपेक्षा कमी, आणि नव्याने जन्मलेल्या तांबड्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, २० हजारांपेक्षा कमी. असा रुग्ण ‘तीव्र’ गटात येतो. त्यातही न्यूट्रोफिल २०० च्या खाली असल्यास ‘अतितीव्र’. हे निकष पूर्ण न करणारा तो ‘अतीव्र’. निरोगी माणसात प्लेटलेट दीड लाखांहून अधिक असतात, हे ध्यानी घेतले की या आकड्यांचे गांभीर्य उमजते.

कारणानुसार वर्गीकरण

दुसरा प्रश्न : विकार कशामुळे? येथे आनुवंशिक व अर्जित असे दोन भाग पडतात. आनुवंशिकांपैकी प्रमुख विकाराचे वर्णन १९२७ साली स्वित्झर्लंडचे गिडो फॅन्कोनी यांनी केले. खुजी उंची, अंगठ्यातील व्यंग, त्वचेवरील डाग ही त्याची लक्षणे. परंतु काही मुलांत ती मुळीच दिसत नाहीत. बहुतेक वेळा आई व वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच तो उद्भवतो. जवळच्या नात्यातील विवाहांत ही शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथा आपल्याकडे अजूनही आहे. तिचा विचार या अंगानेही व्हावा.

अर्जित प्रकारात किरणोत्सर्ग, क्लोरॅम्फेनिकॉलसारखी काही औषधे, यकृतदाहानंतरचा प्रकार आणि बेंझीन ही कारणे आढळतात. इस्तंबूलमधील जोडे शिवणाऱ्या कारागिरांची रक्तनिर्मिती बेंझीनयुक्त गोंदामुळे खालावल्याचे तेथील डॉक्टर मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. श्रमिकाच्या रोगाचे मूळ त्याच्या कामाच्या जागी असू शकते, ते असे. तथापि बहुसंख्य रुग्णांत बाह्य कारण सापडत नाही. शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच मज्जेतील मूलपेशींवर उलटलेली असते.

वर्गीकरणाने काय साधते?

तीव्र प्रकारातील तरुण रुग्णाला जुळणारे सख्खे भावंड असेल तर मज्जा-प्रत्यारोपण हा पहिला पर्याय असतो. प्रत्येक सख्खे भावंड पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारात एक. भावंड जुळत नसेल वा वय अधिक असेल, तर घोड्याच्या रक्तद्रवापासून केलेले एटीजी व सायक्लोस्पोरिन या औषधांनी प्रतिकारशक्तीला आवर घातला जातो. मात्र विकार फॅन्कोनीचा असल्यास या औषधांचा उपयोग होत नाही आणि प्रत्यारोपणपूर्व औषधांची नेहमीची मात्रा जिवावर बेतू शकते. शिवाय दाता भाऊ वरवर निरोगी दिसला तरी त्याला हाच विकार नाही ना, हे आधी तपासावे लागते. कारणाचा शोध चुकला की उपायही चुकतो.

नावसाधर्म्यानेही फसू नये. सिकलसेलच्या रुग्णात पार्वोव्हायरसच्या संसर्गाने तांबड्या पेशींची निर्मिती काही दिवस थांबते. तिला ‘ॲप्लास्टिक क्रायसिस’ म्हणतात. तेव्हा तातडीने रक्त द्यावे लागू शकते, पण मज्जा पुन्हा कामाला लागते. तो विकार वेगळा.

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे : लोहाच्या गोळ्यांनी गुण येत नसेल आणि सोबत ताप वा रक्तस्राव असेल, तर तिन्ही पेशींची मोजणी करून घ्यावी. गंडेदोरे आणि टॉनिक यांत आठवडे घालवू नयेत. प्रत्यारोपणाची शक्यता असल्यास डॉक्टरांना विचारल्यावाचून आईवडिलांचे वा भावंडांचे रक्त रुग्णाला देऊ नये. त्याने पुढे प्रत्यारोपित मज्जा नाकारली जाण्याचा धोका वाढतो.

जन्मावरून माणसाची कायमची प्रतवारी ठरवणारे वर्गीकरण आपल्या पूर्वजांनी सोसले. त्याला पुरावा मागण्याची मुभा नव्हती आणि त्यातून सुटकाही नव्हती. वैद्यकातील वर्गीकरण मोजमापावर उभे असते, कोणालाही पुन्हा तपासता येते, आणि उपचाराने आज ‘तीव्र’ असलेला रुग्ण उद्या त्या गटातून बाहेर पडू शकतो. मराठीत ‘चिकित्सा’ म्हणजे उपचार आणि ‘चिकित्सा’ म्हणजे परखड तपासणीही. तथागतांनी कालामांना परंपरेवर विसंबू नका असे सांगितले आणि बाबासाहेबांनी आपल्याला प्रज्ञेचा मार्ग दाखवला, तो याच दुसऱ्या अर्थाने. आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने आजाऱ्याच्या उशाशी बसतानाही हा अर्थ विसरू नये.