ईदपर्यंत शिवून मिळेल का? दुकानाच्या संकेतस्थळावर बोलका आलेख

रमजान जवळ आला की शिलाईच्या दुकानात एकच प्रश्न दिवसातून पन्नास वेळा विचारला जातो : "ईदच्या आधी मिळेल ना?" गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून उत्तर बहुधा "मिळेल, मिळेल" असेच दिले जाते. मग चांदरातीला कोणाच्या कुर्त्याला काज-बटण बाकी, कोणाची शेरवानी अजून कारागिराच्या घरी, आणि दुकानापुढे वादावादी. हे दृश्य आपल्या बाजारपेठांत कोणाला नवे नाही. त्यात दुकानदार खोटे बोलतो असेही नसते. आज आलेल्या कामाला किती दिवस लागतील याचा नेमका हिशेब त्याच्यापाशी नसतो, एवढेच. वास्तविक तो हिशेब त्याच्याच ऑर्डरच्या वहीत पडलेला असतो.

हा हिशेब वहीतून काढून दुकानाच्या संकेतस्थळावर आलेखाच्या रूपाने कसा लावावा, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. आलेखही साधा चित्राचा नव्हे, तर बोलका. म्हणजे गिऱ्हाईकाने मोबाईलवर एखाद्या बिंदूवर बोट ठेवले की तिथला आकडा उघडावा. ज्यांचा शिलाईचा व्यवसाय नाही, म्हणजे फर्निचर, छपाई, बेकरी किंवा मिठाई असा ज्यांचा सणासुदीला दाटणारा धंदा आहे, त्यांनाही हीच रीत लागू पडेल.

सुरुवात संगणकापासून नव्हे, वहीपासून करावी. गेल्या दोन-तीन रमजानच्या ऑर्डरी घ्याव्यात. गूगल शीट्समध्ये एका रकान्यात ऑर्डर घेतल्याची तारीख आणि दुसऱ्यात माल तयार झाल्याची तारीख लिहावी. दुसऱ्यातून पहिली वजा केली की त्या कामाला लागलेले दिवस तिसऱ्या रकान्यात येतात. आता चौथा रकाना. यात त्या वर्षीच्या ईदच्या तारखेतून ऑर्डरची तारीख वजा करावी, म्हणजे ऑर्डर आली तेव्हा ईदला किती दिवस उरले होते ते कळते. सगळे गणित या चौथ्या रकान्यावर उभे आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो.

आपले बहुतेक व्यापारी विक्रीचा आलेख काढतात तो इंग्रजी महिन्यांवर : जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. वर्षभर सारखा चालणाऱ्या धंद्याला ते ठीक आहे. पण ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. भारतात ईदुल फित्र २०२३ मध्ये २२ एप्रिलला, २०२४ मध्ये ११ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला झाली. हा आलेख महिन्यांवर काढला तर एप्रिलचा धंदा वर्षागणिक बसत चालला आणि मार्चचा फुगत चालला असे दिसेल. धंदा बसलेलाही नाही आणि फुगलेलाही नाही, सण सरकला आहे. याहून मोठा घोटाळा आर्थिक वर्षाचा. १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या एकाच आर्थिक वर्षात दोन ईदुल फित्र आल्या, एक अगदी सुरुवातीला आणि दुसरी अगदी शेवटच्या दिवशी. त्या वर्षीचा विक्रीचा आकडा मोठा दिसला म्हणून हुरळून जाऊन कोणी भाड्याने दुसरा गाळा घेतला असेल, किंवा बँकेकडून वाढीव कॅश क्रेडिट घेतले असेल, तर त्याने आपला ताळेबंद पुन्हा एकदा उघडून पाहावा. हीच बाब उलट बाजूनेही बँकेच्या अधिकाऱ्याला समजावून द्यावी लागते, आणि तेव्हा ईदच्या दिवसांवर मांडलेला आलेख दहा मिनिटांच्या बोलण्याचे काम करतो.

सारांश, आडव्या रेषेवर महिने लिहू नयेत, "ईदला उरलेले दिवस" लिहावेत. तीन वर्षांचे तीन वेगवेगळे एप्रिल एकमेकांवर बसत नाहीत, पण तीन वर्षांतले "ईदला तीस दिवस" नेमके एकमेकांवर बसतात.

आता उभ्या रेषेवर काय घ्यावे? कामाला लागणारे दिवस. येथे सरासरी काढण्याचा मोह होतो, तो टाळावा. सरासरी बारा दिवस आली आणि आपण गिऱ्हाईकाला बारा सांगितले, तर बऱ्याच जणांचे काम तेराव्या, पंधराव्या दिवशी होणार आणि तितक्या जणांना दिलेला शब्द मोडणार. त्याऐवजी दहापैकी नऊ कामे जितक्या दिवसांत झाली तो आकडा घ्यावा. गूगल शीट्समध्ये 'परसेंटाइल' नावाचे सूत्र आहे. त्यात तिसऱ्या रकान्याचे आकडे आणि ०.९ दिले की हा आकडा मिळतो. ऑर्डरींचे पाच-पाच दिवसांचे गट पाडून प्रत्येक गटाचा असा एक आकडा काढावा.

समजा, साध्या कुर्ता-पायजम्याचे आकडे असे निघाले : ईदला ५० दिवस असताना दिलेल्या कामाला ६ दिवस, ४० असताना ८, ३० असताना १२, २५ असताना १५, २० असताना २० आणि १५ असताना २४ दिवस. या आकड्यांची एक चढती रेषा होते. तिच्या जोडीला दुसरी रेषा काढावी, ती केवळ "ईदला उरलेल्या दिवसांची". म्हणजे ५० ला ५०, ४० ला ४०, अशी सरळ उतरती. या दोन रेषा एकमेकींना जिथे छेदतात, म्हणजे या उदाहरणात २० दिवसांवर, तीच ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख. तिच्यानंतर काम घेतले तर ते ईदनंतरच मिळणार. आता जरदोजीचे काम असलेला जोड घ्या. त्याचे आकडे समजा ५० ला ३०, ४५ ला ३६ आणि ४० ला ४० असे असतील, तर त्याची शेवटची तारीख रमजान लागण्याच्याही आधी पडते. ही गोष्ट गिऱ्हाईकाला तोंडी सांगितली तर ते मानत नाही. "तुम्ही मनावर घेतलं तर होईल," असे म्हणते. रेषा पाहिल्यावर घासाघीस करायला तिथे कोणी उरत नाही. शिवाय जरीकाम बहुधा घरी बसून करणाऱ्या हातांचे असते, आणि आपण दुकानात दिलेल्या खोट्या वायद्याचा भार शेवटी त्यांच्या रात्रीच्या झोपेवर पडतो.

एक सावधगिरी : येणारी ईद चंद्रदर्शनावर अवलंबून असते. म्हणून पुढच्या हिशेबात रमजान २९ दिवसांचाच धरावा. चंद्र दिसला नाही आणि तिसावा रोजा झाला, तर एक दिवस हाती येतो. उलट केले तर एक दिवस हातचा जातो.

आकडे तयार झाले की पुढचे काम अर्ध्या तासाचे आहे. शीटमध्ये तीन रकान्यांचा छोटा तक्ता करावा : उरलेले दिवस, लागणारे दिवस, आणि पुन्हा उरलेले दिवस. तक्ता निवडून 'इन्सर्ट' मध्ये जाऊन 'चार्ट' दाबावे आणि प्रकारात 'लाइन चार्ट' घ्यावा. ५० हा आकडा डावीकडे आणि ईद उजवीकडे यायला हवी. उलटे आले तर आडव्या अक्षाच्या मांडणीत अक्ष उलटा करण्याची खूण असते, ती करावी. मग आलेखाच्या कोपऱ्यातील तीन ठिपके दाबून 'पब्लिश चार्ट' घ्यावे, त्यात 'एम्बेड' निवडून 'इंटरॲक्टिव्ह' आहे ना ते पाहावे आणि 'पब्लिश' करावे. एक संकेतओळ मिळते. ती उचलून आपल्या संकेतस्थळाच्या पानावर चिकटवावी. वर्डप्रेसवर असाल तर 'कस्टम एचटीएमएल' नावाच्या खणात. फुकटच्या काही योजनांत अशी ओळ चालू देत नाहीत, तेव्हा संकेतस्थळ करून देणाऱ्याला आधी विचारून घ्यावे. पुढे शीटमधला आकडा बदलला की संकेतस्थळावरचा आलेख थोड्या वेळात आपोआप बदलतो. छापील जाहिरातीत आणि यात फरक आहे तो हाच.

येथे एक धोका आहे आणि तो लहान नाही. प्रकाशित करताना पूर्ण फाईल निवडली गेली, तर गिऱ्हाईकांची नावे, फोन नंबर, मापे आणि उधारीसुद्धा जगापुढे उघडी पडते. म्हणून मूळ वही एका फाईलमध्ये आणि आलेखाचा तक्ता दुसऱ्या फाईलमध्ये ठेवावा. बोलक्या आलेखात घातलेला प्रत्येक आकडा हा जाणकार माणसाला काढून घेता येतो, असेच धरून चालावे. आपल्या दुकानात बायकांचे कपडे शिवले जातात आणि त्यांची मापे ही अमानत आहे, याचा विसर पडू नये.

मोबाईलविषयी. शीट्समधून मिळणाऱ्या आलेखाची रुंदी ठरावीक असते, साधारण ६०० पिक्सेल. मोबाईलच्या पडद्यावर मात्र ३६० ते ४३० इतकीच जागा मिळते. परिणामी आलेखाची उजवी बाजू, म्हणजे नेमकी ईदची बाजू, कापली जाते. तेव्हा प्रकाशित करण्यापूर्वीच शीटमधला आलेख अरुंद करून घ्यावा. नाहीतर डेटारॅपर वापरावे. बर्लिनच्या मंडळींची ही सेवा फुकटही वापरता येते आणि तिचे आलेख पडद्याप्रमाणे स्वतः आकार घेतात. तिथेही तक्ता चिकटवणे, प्रकार निवडणे आणि ओळ उचलणे एवढेच काम आहे. हाताशी संगणक शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर चार्ट जेएस पाहायला सांगावे. २०१३ साली आलेले हे साधन व्यापारी उपयोगालाही मोफत आहे. त्यात कुर्ता, शेरवानी, जरदोजी अशा तीन रेषा एकत्र दाखवता येतात आणि नावावर बोट ठेवले की ती रेषा लपते किंवा परत येते. हायचार्ट्स दिसायला देखणे आहे, पण व्यापारी वापरासाठी त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. कोणी ते 'फुकट आहे' म्हणून लावून देत असेल तर हो म्हणू नये. मजकूर कोणत्याही साधनात युनिकोड मराठीतच लिहावा. छापखान्याच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तेथे चिकटवला तर नुसती भेंडोळी उमटतात.

आलेखाचा कोणता प्रकार घ्यावा याचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ मध्ये देशोदेशींच्या आयात-निर्यातीचे रेषालेख छापले. स्कॉटलंडचे मात्र त्याच्यापाशी एकाच वर्षाचे आकडे होते, तेव्हा त्याने प्रत्येक देशासाठी पट्ट्या काढल्या. काळ वाहत असेल तर रेषा आणि सुट्या वस्तूंची तुलना असेल तर पट्ट्या, हा नियम आजही पुरतो. १८०१ मध्ये त्यानेच गोल पोळीचे तुकडे करून दाखवण्याची रीतही आणली. ती आज फार लोकप्रिय आहे, पण पाच-सहा तुकडे झाले की कोणता मोठा ते डोळ्याला समजत नाही. आम्हाला तरी ती दुकानदाराच्या फारशा उपयोगाची वाटत नाही.

पट्ट्यांच्या बाबतीत एक गोष्ट बजावून सांगायला हवी. समजा बाजारात शिलाई १००० रुपये आहे आणि आपली ९५०. उभा अक्ष शून्याऐवजी ९०० पासून सुरू केला की आपली पट्टी बाजाराच्या निम्मी दिसते. फरक पाच टक्क्यांचा, दिसतो पन्नासचा. काही साधने अक्षाची सुरुवात स्वतःच ठरवतात, त्यामुळे न कळतही असे घडते. पण कळून केले तर ती तराजूची दांडी मारणेच झाले, आणि मापात मारणाऱ्यांविषयी काय सांगितले आहे ते आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पट्टी शून्यापासूनच उभी करावी. रेषेला शून्याचे बंधन नसले तरी अक्षावरचे आकडे ठळक असावेत. शिवाय बोलक्या आलेखात गिऱ्हाईक बोट ठेवून खरा आकडा तिथल्या तिथे पाहते, त्यामुळे लबाडी लपतही नाही.

सगळ्यांनाच बोट ठेवून पाहण्याची सवय नसते. वयस्कर गिऱ्हाईक आलेखाकडे चित्र म्हणूनच पाहते. यासाठी आलेखाच्या वर मोठ्या अक्षरांत एक वाक्य लिहावे : "साध्या कुर्त्याची ऑर्डर ईदच्या २० दिवस आधीपर्यंतच." त्याखाली प्रत्यक्ष तारीखही द्यावी. रेषांना लाल आणि हिरवा असे रंग देऊ नयेत, कारण काही लोकांना या दोहोंतला फरक दिसत नाही. निळा आणि नारिंगी चालतो.

आकड्यांची मूळ फाईल मात्र नेहमी आपल्याच संगणकात ठेवावी, कारण साधने येतात आणि जातात. एके काळी बोलके आलेख फ्लॅशमध्ये केले जात. अडोबी कंपनीने २०२० च्या ३१ डिसेंबरला फ्लॅश बंद केले आणि असे आलेख जिथे होते तिथे रिकाम्या चौकटी राहिल्या. ज्यांच्यापाशी आकडे होते त्यांनी नवे आलेख काढले. आलेखाच्या खाली वर्ष लिहावे आणि ईद झाली की तो पानावरून उतरवावा. नाहीतर बकरी ईदच्या वेळी कोणीतरी गेल्या रमजानची रेषा दाखवत दुकानात येते. बकरी ईदच्या कामाचा आलेख वेगळा काढावा लागतो, कारण त्या आधी रोजांचा महिना नसतो आणि कारागिरांचे कामाचे तासही निराळे असतात.